चाकाच्या फेऱ्या आणि रस्त्याचे मैल : स्पीडोमीटर दुरुस्तीचा इतिहास

आजचा विषय ऐकून काही जणांनी विचारलं की हा इतिहासाचा विषय आहे की गॅरेजचा? आमच्या मते दोन्हीचा. ट्रकचे टायर बदलले, मागच्या अ‍ॅक्सलमधले गिअर बदलले, की डॅशबोर्डवरची सुई खोटं बोलायला लागते. ती पुन्हा खरं कशी बोलेल, एवढाच आज प्रश्न आहे. पण हा प्रश्न दोन हजार वर्षं जुना आहे आणि त्याच्या उत्तरावर आजही कुणाचा तरी पगार, कुणाची तरी अब्रू अवलंबून असते.

अब्रू हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. एक हिशेब करून बघू. आपल्याकडच्या ट्रकांना वर्षानुवर्षं ९.००-२० आणि १०.००-२० अशा मापांचे टायर लागत आले आहेत. पहिल्याचा बाहेरचा व्यास साधारण १,०१८ मिलिमीटर, दुसऱ्याचा साधारण १,०५२. फरक तीन टक्क्यांच्या किंचित वर. मालकाने छोटे काढून मोठे बसवले आणि बाकी काही केलं नाही, असं धरा. गाडी मुंबईहून दिल्लीला गेली. खरं अंतर धरू १,४०० किलोमीटर. चाक मोठं असल्यामुळे तेवढ्याच रस्त्याला फेऱ्या कमी झाल्या, म्हणून मीटरवर दिसले सुमारे १,३५५. गाडीने लिटरला चार किलोमीटर दिले, म्हणजे डिझेल लागलं ३५० लिटर. आता शेठजी कागदावर काय बघतात? १,३५५ भागिले चार, म्हणजे ३३९ लिटर पुरायला हवं होतं. अकरा लिटर कुठे गेलं? पहिला संशय ड्रायव्हरवर. त्या माणसाने एक थेंबही विकलेला नाही. अकरा लिटर खाल्ले ते टायरच्या सतरा मिलिमीटरांनी. पण सतरा मिलिमीटरांना जाब विचारता येत नाही, ड्रायव्हरला विचारता येतो.

तर हे असं का होतं? कारण मीटर अंतर मोजतच नाही. तो फेऱ्या मोजतो. एका फेरीला रस्ता किती, हे कुणीतरी आधीच ठरवून दिलेलं असतं आणि मीटर त्या शब्दावर विश्वास ठेवून चालतो. ही गोष्ट मनात पक्की धरा, आजच्या सगळ्या व्याख्यानात ती पुन्हा पुन्हा येणार आहे.

रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस याने इसवीसनापूर्वी पहिल्या शतकात वास्तुशास्त्रावर दहा खंड लिहिले. दहाव्या खंडात एका गाडीचं वर्णन आहे. तिच्या चाकाचा परीघ साडेबारा रोमन फूट. चाक एकदा फिरलं की चारशे दात्यांच्या मोठ्या चक्राचा एक दाता पुढे सरकतो. चारशे फेऱ्या झाल्या की ते चक्र एक प्रदक्षिणा पूर्ण करतं आणि वरच्या चकतीतून एक गोटा खाली पितळी भांड्यात पडतो, टण्ण आवाज करून. चारशे गुणिले साडेबारा बरोबर पाच हजार फूट, म्हणजे एक रोमन मैल. मुक्कामाला पोचल्यावर गोटे मोजायचे. सुंदर योजना! पण या गाडीला कुणी पाच फुटी व्यासाचं चाक लावलं असतं तर? गोटे तसेच पडत राहिले असते, टण्ण आवाजही तसाच आला असता, फक्त मैल लांब झाले असते. चारशे दात्यांचं चक्र बदलणं हाच त्यावर उपाय होता. गंमत बघा, विसाव्या शतकातल्या मेकॅनिकनेही नेमकं तेच केलं. ते आपण पुढे पाहू.

चीनमध्येही अशी गाडी होती. तिच्यावर लाकडी बाहुला बसवलेला असे आणि एक 'ली' अंतर झालं की तो ढोल वाजवी. ली म्हणजे आपल्या कोसासारखं तिकडचं अंतराचं माप. सोंग राजवटीच्या इतिहासात अकराव्या शतकातल्या या गाडीची मापं दिली आहेत : चाकाचा व्यास सहा फूट, परीघ अठरा फूट, शंभर फेऱ्या म्हणजे अठराशे फूट म्हणजे एक ली. हे फूट अर्थात चिनी. आता जरा थांबा. व्यास सहा आणि परीघ अठरा? म्हणजे पाय या संख्येची किंमत सरळ तीन धरली. व्यास खरोखर सहा फूट असेल तर परीघ भरतो १८.८५ फूट, आणि शंभर फेऱ्यांत गाडी १,८८५ फूट जाते. बाहुला दर वेळी सुमारे पावणेपाच टक्के उशिरा ढोल वाजवणार. नवल म्हणजे त्याच चीनमध्ये पाचव्या शतकात झू चोंगझी या गणितज्ञाने ३५५ भागिले ११३ ही इतकी अचूक किंमत काढून ठेवली होती की ट्रकच्या टायरला ती आजही जास्तच होईल. गणित माहीत होतं, पण ते गाडीच्या वर्णनापर्यंत पोचलं नाही. एका खोलीतलं ज्ञान शेजारच्या खोलीत जायला कधी कधी सहाशे वर्षंही पुरत नाहीत. सुतारांनी प्रत्यक्षात चाक कापताना दोरीने परीघ मोजून अठरा फुटांचंच केलं असेल, हेही शक्य आहे. कारागीर पुस्तकापेक्षा शहाणा असतो, असा आमचा अनुभव आहे.

आपल्याकडचं उदाहरण चाकाचं नाही, पायाचं आहे. एकोणिसाव्या शतकात भारतीय सर्वेक्षण खात्याच्या कॅप्टन माँटगोमरी यांनी कुमाऊँकडच्या काही माणसांना तिबेटची मोजणी गुप्तपणे करायला शिकवलं. त्यांना 'पंडित' म्हणत. नैनसिंग रावत त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. १८६५-६६ च्या प्रवासात ते ल्हासाला पोचले. पाऊल ठरावीक लांबीचंच पडावं असा त्यांचा सराव करून घेतला होता, चढ असो वा उतार. सुमारे दोन हजार पावलांचा एक मैल. हातातल्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी. शंभर पावलांना एक मणी, म्हणजे एक माळ झाली की दहा हजार पावलं, पाच मैल. हा माणूस स्वतःच चाक होता, माळ हे त्याचं मीटर.

याच परंपरेतले किशनसिंग १८७८ मध्ये निघाले आणि १८८२ मध्ये परतले. वाटेत एका टप्प्यावर त्यांना पायी चालणं अशक्य झालं, घोड्यावर बसावं लागलं. आता काय? दोन वेगळ्या पायांची वेगळी पावलं. त्यांनी मोजणी सोडली नाही. घोड्याच्या उजव्या पुढच्या पायाची पावलं मोजली. मित्रहो, टायर बदलल्यावर मीटर पुन्हा जुळवणं यालाच म्हणतात! मोजणारा तोच राहिला, माळही तीच राहिली, फक्त 'एका मण्याला किती रस्ता' हा आकडा बदलला. हे ज्याला कळलं त्याला आजचा विषय कळला.

आता मोटारीकडे. अंतर मोजणं जुनं असलं तरी वेग दाखवणं नवं आहे. स्ट्रासबुर्गच्या ओटो शुल्झे यांनी ७ ऑक्टोबर १९०२ रोजी ज्या यंत्राचं पेटंट घेतलं, तेच पुढची ऐंशीएक वर्षं जगभरच्या गाड्यांत राहिलं. एक लवचीक केबल फिरते, तिच्या टोकाला लोहचुंबक असतो. चुंबकावर अ‍ॅल्युमिनियमची वाटी, पण स्पर्श नाही. चुंबक फिरला की वाटीत विजेचे भोवरे उठतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. एक नाजूक स्प्रिंग तिला अडवते. ओढ आणि अडवणूक जिथे सम होतात तिथे वाटी थांबते, आणि तिच्या टोकाला सुई. किलोमीटर मोजणारे आकडे मात्र चुंबकावर चालत नाहीत, ते त्याच केबलवर दात्यांनी चालतात. म्हणून जुन्या मेकॅनिकची एक परीक्षा होती : सुई चुकते पण किलोमीटर बरोबर भरतात, तर दोष मीटरच्या आत, चुंबक किंवा स्प्रिंग थकली. दोन्ही सारख्याच टक्क्यांनी चुकतात, तर मीटर निर्दोष आहे. खाली गाडीत काहीतरी बदललं आहे.

ती केबल कुठून निघते, यात खरा इतिहास आहे. सुरुवातीच्या मोटारींत ती पुढच्या चाकाच्या तुंब्यापासून निघे. फोर्डच्या मॉडेल टी गाडीवर सुरुवातीच्या वर्षांत असंच मीटर होतं. तिथे हिशेब सोपा : चाक बदललं तर तेवढंच बघायचं, मागच्या अ‍ॅक्सलचा काही संबंध नाही. पण पुढचं चाक वळतं, चिखल खातं, दगडांवर आदळतं, त्यामुळे तिथले नाजूक गिअर टिकत नसत. मग केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला नेली, जिथून प्रोपेलर शाफ्ट सुरू होतो. बंदिस्त जागा, तेलात बुडालेले दाते, काही कटकट नाही. मात्र एक किंमत मोजावी लागली. गिअरबॉक्स आणि चाक यांच्यामध्ये क्राउन-पिनियन आहे. आता मीटरला चाक दिसेना, शाफ्ट दिसू लागला. शाफ्ट किती फिरला म्हणजे चाक एकदा फिरतं, हे अ‍ॅक्सलचं गुणोत्तर ठरवतं. एकाऐवजी दोन गोष्टींवर विश्वास ठेवायची वेळ आली, आणि दोन्ही बदलता येण्यासारख्या.

त्या बदलणारे लोक सर्वांत जास्त निघाले अमेरिकेत. तिथे पिकअप ट्रक हा शेतीचा सोबतीही आहे आणि हौसेचा घोडाही. डोंगरात, चिखलात जायचं म्हणून मालक मोठे टायर बसवतो. ३१ इंची काढून ३५ इंची. टायर मोठा झाला की इंजिनावर भार येतो, चढावर गाडी गळपटते, जणू प्रत्येक गिअर थोडा वरचा झाला. मग ती ताकद परत आणायला अ‍ॅक्सलचे गिअर बदलतात : ३.७३ चं गुणोत्तर काढून ४.५६ चं. म्हणजे चाकाच्या एका फेरीसाठी शाफ्टला आता जास्त फिरावं लागतं.

सुईचं काय होतं बघा. आधी ती बरोबर होती असं धरू, आणि खरा वेग ताशी ६० मैल ठेवू. नुसते टायर बदलले तर ती ५३ दाखवेल. नुसते गिअर बदलले तर ७३. दोन्ही बदलले तर ६५. एक चूक खाली ओढते, दुसरी वर, आणि उरते ती वजाबाकी. काही लोक म्हणतात की मोठ्या टायरला साजेसे गिअर टाकले की मीटर आपोआप जुळतं. ते अर्धसत्य आहे. तंतोतंत जुळायला इथे ४.२१ चे गिअर लागतील, आणि बाजारात गिअर ठरावीक गुणोत्तरांचेच मिळतात. ४.१० चे टाकले असते तर सुई ५८ च्या थोडी वर थांबली असती. बऱ्याच जणांना ते चाललंही असतं. पण ज्याला डोंगर चढायचा आहे तो ४.५६ च घेतो.

आता दुरुस्ती. अमेरिकेत मीटरच्या केबलचा एक संकेत रूढ झाला : एका मैलाला केबलच्या हजार फेऱ्या. म्हणजे ताशी ६० मैलांना मिनिटाला हजार. ब्रिटिश मीटरांत असा एकच आकडा नसे, म्हणून तिथे डायलवरच बारीक अक्षरांत तो छापत. गिअरबॉक्समध्ये शाफ्टवर एक चालक गिअर असतो आणि त्यात अडकलेला, केबलला फिरवणारा छोटा प्लास्टिकचा गिअर. याचे दाते बदलले की केबलच्या फेऱ्या बदलतात. व्हिट्रुव्हियसचं चारशे दात्यांचं चक्र ते हेच. चालक गिअरला आठ दाते आहेत असं धरू. ३१ इंची टायर मैलाला कागदोपत्री ६५१ फेऱ्या घेतो. आठ गुणिले ३.७३ गुणिले ६५१ भागिले हजार, उत्तर १९.४. दाता अर्धा नसतो, म्हणून कारखाना १९ लावणार. म्हणजे गाडी नवी असतानाच मीटर दोन टक्के जास्त दाखवत होतं, आणि कुणाला पत्ता नव्हता. ३५ इंची टायरला ५७६ फेऱ्या. आठ गुणिले ४.५६ गुणिले ५७६, उत्तर २१. एकोणीस दात्यांचा काढा, एकवीसचा घाला, काम संपलं.

संपलं का? नाही. भार पडल्यावर टायर खाली चेपतो. तो जमिनीवर जितका रस्ता कापतो तो व्यासावरून काढलेल्या परिघापेक्षा दोन-तीन टक्के कमी भरतो. तो धरला तर २१ ऐवजी २१.६ येतात, आणि मग २१ की २२ हा प्रश्न उरतो. जुनी रीत अशी : गाडी नेहमीच्या भारासह, नेहमीच्या हवेसह सपाट जागेवर उभी करा. टायरवर आणि त्याच्या खाली जमिनीवर खडूची खूण करा. दहा फेऱ्या पुढे ढकला, पुन्हा खूण करा, टेपने मोजा. झू चोंगझीची गरजच नाही. चिनी सुताराने दोरी वापरली असेल तर ती याच शहाणपणाने.

हे छोटे गिअर दात्यांच्या संख्येनुसार रंगीत असत. दाते मोजायच्या आधी मेकॅनिक रंग बघे. क्रायस्लरच्या गाड्यांत आणखी एक खुबी होती. गिअर ज्या घरात बसतो त्याचं भोक मध्यावर नसून जरा एका बाजूला असे आणि घरावर दात्यांचे टप्पे कोरलेले असत. मोठा गिअर घातला तर घर फिरवून योग्य टप्पा खुणेसमोर आणायचा. ते न फिरवता गिअर बसवला की दाते एकमेकांना नीट भिडत नाहीत आणि नवा गिअर घासून जातो. हव्या तितक्या दात्यांचा गिअर मिळालाच नाही तर केबलच्या वाटेत एक चिमुकली गिअरपेटी बसवत. तिचं काम एकच, फेऱ्यांना ठरावीक आकड्याने गुणणं.

दात्यांवरून आठवलं, गुणण्याचं काम कागदावरही करता येतं. मुंबईकर श्रोत्यांना यांत्रिक मीटरची टॅक्सी आठवत असेल. मीटरवर दिसे एक, आणि द्यायचे त्याच्या कितीतरी पट. भाडं वाढलं की मीटरच्या पोटातले दाते कुणी बदलत नसे, ड्रायव्हर खिशातून तक्ता काढून दाखवी. यंत्राचं बोलणं तसंच ठेवलं, त्याचा अर्थ तेवढा बदलला. दहा वर्षांहून जास्त काळ झाला, इलेक्ट्रॉनिक मीटर आले आणि तक्ता गेला.

कायद्याबद्दल थोडक्यात. युरोपात १९७८ पासून लागू असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमानुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीही दाखवायचं नाही. जास्त दाखवलेलं चालेल, दहा टक्के अधिक चार किलोमीटरपर्यंत. खरा वेग ८० असेल तर सुई ८० ते ९२ च्या दरम्यान कुठेही असू शकते. अमेरिकेत व्यापारी ट्रकांना ताशी ५० मैलांवर पाच मैल इकडे किंवा तिकडे एवढी मोकळीक आहे. आम्हाला युरोपचा नियम जास्त समंजस वाटतो. चुकायचंच असेल तर माणूस हळू जाईल अशा बाजूने चुकावं.

पण युरोपात याहून मोठा झगडा झाला तो टॅकोग्राफवरून. हे यंत्र ट्रकचा वेग, अंतर आणि चालकाचे कामाचे तास सतत नोंदवत राहतं. युरोपीय समुदायाने १९७० मध्ये त्याचा नियम केला. ब्रिटिश चालकांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला. 'केबिनमधला हेर' हे त्याचं टोपणनावच पडलं. तिथल्या सरकारनेही चालढकल केली, प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं आणि १९७९ मध्ये निकाल ब्रिटनच्या विरुद्ध लागला. चालकांचा राग समजण्यासारखा आहे, पण हे यंत्र दोन्ही बाजूंनी कापतं. मालकाने सलग चौदा तास गाडी हाकायला लावली तर तेही त्यात उमटतं. आणि म्हणूनच त्याचं माप चोख लागतं. नियमातच लिहिलं आहे : टायरचा परिणामकारक परीघ बदलला, किंवा एका किलोमीटरला गाडीकडून किती संकेत येतात तो आकडा बदलला, तर यंत्राची पुन्हा तपासणी करायची, आणि नव्या मापांची पट्टी तारखेसह गाडीत लावायची. टायर आणि अ‍ॅक्सल, आपलीच जोडी. कायद्याच्या पुस्तकात ती इतक्या स्पष्टपणे आलेली पाहून आम्हाला बरं वाटलं.

आपल्याकडे २०१५ च्या अधिसूचनेनंतर बहुतेक नव्या मालवाहू गाड्यांना ताशी ८० किलोमीटरची वेगमर्यादा यंत्रानेच घातली जाते. हा गव्हर्नरही फेऱ्यांवरूनच वेग ओळखतो. मघाच्या पिकअपसारखा बदल करून माप जुळवलं नाही, तर ८० ला अडणारी गाडी ७४ लाच अडेल आणि चालक म्हणेल इंजिन गेलं. नुसते मोठे टायर टाकले तर ती ८० ओलांडून जाईल आणि कुणालाच कळणार नाही.

इलेक्ट्रॉनिक गाड्यांत केबल गेली, तिच्या जागी संकेत मोजणारा सेन्सर आला. दाते बदलण्याऐवजी संगणकात आकडा भरायचा. काही गाड्यांत सेन्सर गिअरबॉक्सवर राहिला. फोर्डने १९९० च्या दशकात आपल्या पिकअपमध्ये तो मागच्या अ‍ॅक्सलच्या आत नेला, डिफरन्शियलबरोबर फिरणाऱ्या दातेरी कड्यासमोर. ते कडं चाकाच्याच गतीने फिरतं. म्हणजे क्राउन-पिनियन काहीही टाका, मीटरला फरक पडत नाही, फक्त टायर बघायचा. ऐंशी वर्षं हिंडून मीटर पुन्हा चाकाजवळ आलं. तेव्हा तुमच्या गाडीत काय भरायचं, याचं उत्तर देण्याआधी मेकॅनिकला एकच प्रश्न विचारा : सेन्सर क्राउन-पिनियनच्या अलीकडे आहे की पलीकडे?

टायर नुसता बदलत नाही, झिजतोही. ट्रकच्या टायरची नक्षी बारा मिलिमीटर झिजली तर परीघ दोन टक्क्यांहून जास्त घटतो. आपल्या रेल्वेला हे चांगलं ठाऊक आहे. डिझेल इंजिनाचं नवं चाक १,०९२ मिलिमीटरचं असतं आणि ते झिजत, कापत १,०१६ पर्यंत चालवतात. सात टक्के फरक. म्हणून तिथल्या वेगनोंदणी यंत्रात चाकाचा व्यास भरावा लागतो. रस्त्यावरच्या ट्रकसाठी एवढं कुणी करत नाही, आणि नव्या-जुन्याच्या मधलं माप धरलं तर करायची गरजही नाही.

व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं की मीटर जुळवायच्या आधी जे किलोमीटर चुकीचे मोजले गेले त्यांचं काय करायचं? मीटरवरचा आकडा बदलायचा नाही, ती फसवणूक ठरेल. टायर किंवा गिअर बदलले त्या दिवसाचं रीडिंग आणि तारीख लॉगबुकात लिहायची. मीटर जुळवलं त्या दिवसाचं रीडिंगही लिहायचं. मधल्या किलोमीटरांना खडूच्या मापावरून निघालेल्या आकड्याने गुणायचं. सुरुवातीच्या उदाहरणात तो आकडा १.०३३ आहे. १,३५५ ला त्याने गुणलं की १,४०० येतात, आणि ड्रायव्हरचे अकरा लिटर सापडतात.